शहनाझचा वाटा

१

बर दुबईत खाडीच्या कडेला एक अरुंद गल्ली होती. त्या गल्लीत शाबानच्या चौदाव्या दिवशी दुपारनंतर एकही पोर घरात थांबत नसे. अस्रची नमाज झाली की मुली जरीचे झगे घालून आणि मुलगे नव्या टोप्या घालून, गळ्यात कापडी पिशव्या अडकवून घरोघर निघत. दाराशी उभं राहून गाणं म्हणत, आणि घरची बाई त्यांच्या पिशव्यांत खजूर, भाजलेले चणे, अक्रोड, गोळ्या ओतत असे. तिथले लोक याला हक्क अल-लैला म्हणत, म्हणजे आजच्या रात्रीचा हक्क. आपल्याकडची शबे-बरात ती हीच.

जैनब श्रीवर्धनची. तिचा नवरा यूनुस एका अरब व्यापाऱ्याच्या गोदामावर कारकून होता. शेठचं जुनं घर बरीच वर्षं बंद पडून होतं, ते त्यानं यूनुसला राहायला दिलं. घर ऐसपैस होतं. पोवळ्याच्या दगडाच्या जाड भिंती, मधे अंगण, आणि मागच्या एका खोलीवर उंच मनोरा. मनोऱ्याला वरून चारी बाजूंनी तोंडं होती. वारा तिथून आत शिरायचा आणि खाली खोलीत उतरायचा. वीज अजून गल्लीत यायची होती, पण उन्हाळ्यात त्या खोलीत पंख्याची गरजच नव्हती. जैनबनं तिथं तांदळाची पोती आणि खजुराचे डबे ठेवले होते.

पासष्ट सालची, या घरातली तिची पहिली शबे-बरात. तिनं सकाळपासून खपून नारळाच्या वड्या केल्या, परातीत रचल्या, दार सताड उघडलं आणि सहा वर्षांच्या शहनाझला शेजारी घेऊन उंबऱ्यात बसली. गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं. मग जवळ आलं. शेजारच्या उम्म सालेमच्या दारात तर पोरांनी नुसता कल्ला केला.

आणि जैनबच्या दाराशी येताच सगळी गप्प झाली.

पोरं भिंतीला घसटून, खाली माना घालून पुढे गेली. उम्म सालेमची नात मौजा ही शहनाझची जिवाची मैत्रीण, पण तिनंही वर पाहिलं नाही. पलीकडच्या दाराशी पोचल्यावर गाणं पुन्हा सुरू झालं.

जैनबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही हिंदुस्थानी, म्हणून आमचं गोड यांना चालत नाही होय? ती परात घेऊन तडक उम्म सालेमकडे गेली. उम्म सालेमचा नवरा मुंबईशी मोत्यांचा व्यापार करायचा, त्यामुळे म्हातारीला मोडकंतोडकं हिंदी येत असे.

"हबीबती, तुम पर गुस्सा नहीं," ती म्हणाली. "इस दिन वो दरवाजा कोई नहीं बजाता. तुम भी मगरिब से पहले बंद करो. किसी को कुछ मत दो. खलास."

"क्यों?"

उम्म सालेमनं परातीतली एक वडी तेवढी उचलली, तोंडात टाकली आणि दार लोटून घेतलं.

२

आता जैनबचा स्वभाव असा की हे करू नको म्हटलं की ते केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लहानपणी विहिरीवर जाऊ नको म्हटलं तर ही काठावर बसून पाय सोडायची. त्या संध्याकाळी तिनं दार मगरिब होऊन गेली तरी उघडंच ठेवलं. आणि घरी श्रीवर्धनला सासू करायची तसं सगळं साग्रसंगीत केलं. रव्याचा हलवा, तांदळाच्या भाकऱ्या, ऊदाचा धूर. यूनुसनं फातेहा दिली. मग तिनं मयतांचं ताट मनोऱ्याखालच्या खोलीत नेऊन ठेवलं, शेजारी दिवा लावला आणि सासूच्याच शब्दांत म्हणाली, "या घरातले जे जे गेले, त्यांनी यावं, आपला वाटा घ्यावा."

ती बाहेर आली तर अंगणात मैमुनाबी कमरेवर हात ठेवून उभी. मैमुनाबी मूळची दाभोळची, तिचा नवरा लाँचवर तांडेल. गल्लीत कोकणातली घरं दोनच, त्यामुळे ती जैनबची खाला झाली होती.

"काय म्हणालीस गं आत?"

"दरसाल म्हणतात तेच."

"खुळी की काय तू? श्रीवर्धनला घर तुमचं, मयतं तुमची. हे घर कोणाचं? इथं कोण गेलंय ते तुला ठाऊक तरी आहे? परक्या घरात नावं घेऊन द्यायचं असतं, घराच्या नावानं नाही."

हे जैनबच्या लक्षातच आलं नव्हतं. पण चुकलं म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. "ज्याला पोचायचं त्याला पोचेल, खाला. अन्नच दिलंय, विष नाही दिलं."

तिनं खोलीची कडी बाहेरून लावली. सकाळी उघडली तेव्हा ताट चाटूनपुसून लख्ख होतं. मांजर, ती मनाशी म्हणाली. खोलीला खिडकी नव्हती, पण मांजर काय, मनोऱ्यातूनही उतरेल.

ताटाच्या कडेला हलव्याची बोटं उमटली होती. तीही तिनं मांजराच्या खात्यावर टाकली आणि ताट घासायला घेतलं.

३

पोरांचं गाणं एका दिवसाचं. ईद येऊन गेली, उन्हाळा लागला, तरी मनोऱ्याखालच्या खोलीत ते अधूनमधून ऐकू यायचं. जैनब तांदूळ काढायला जाई तेव्हा वरून, फार लांबून आल्यासारखं, पोरांचं गाणं उतरायचं. शब्द तेच, चालही तीच. फक्त कोणी हसत नसे. पोरं गाताना मधेच हसतात, ढकलाढकली करतात. ही एका सुरात, एका लयीत गायची.

"मनोरा आवाज ओढतो," यूनुस म्हणाला. "खाडीपलीकडचा देखील. आमच्या गोदामात बसून होड्या हाकणाऱ्या आब्रावाल्यांची भांडणं ऐकू येतात मला. पोरं कुठंतरी खेळत असतील."

जैनबला ते पटलं. तिला पटवून घ्यायचंच होतं.

पण शहनाझ वाळायला लागली होती. ताटात वाढलेलं संपायचं, मागून घ्यायची, तरी पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. खाडीपलीकडच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग टॉनिक दिलं, मग हवा मानवत नसेल म्हणाले. ईदेला घातलेल्या हिरव्या बांगड्या तिच्या मनगटावरून घसरायला लागल्या. एक बांगडी कुठं पडली तेही कळलं नाही. जैनबनं सगळं घर झाडून काढलं, ती काही सापडली नाही.

मग एका दुपारी जैनबनं पाहिलं. शहनाझ जेवता जेवता उठली. अर्धी भाकरी आणि माशाचा तुकडा झग्याच्या ओच्यात घेऊन मागे गेली. मनोऱ्याखालच्या खोलीचं दार बंद होतं. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि दाराखालच्या फटीतून एक एक घास आत सरकवू लागली. पलीकडून ते ओढून घेतल्यासारखे जात होते.

"शहनाझ!"

पोरगी दचकली नाही. "त्यांना वाटा द्यायचा असतो, अम्मा. तूच बोलावलंस ना?"

जैनबनं तिला बाजूला केलं, कडी काढली आणि दार ढकललं. पोती, डबे, वरून उतरणारा वारा. जमिनीवर एक शीतही नव्हतं.

"कोण आहे इथं? समोर ये!" ती ओरडली. आवाज चढला होता तो भीतीनं. पण ते तिचं तिलाच ठाऊक. पोरीला तिनं ते दिसू दिलं नाही.

४

थंडी पडल्यावर यूनुसनं शिडी लावून मनोऱ्याची चारी तोंडं फळ्यांनी बंद केली, वरून गोणपाट ठोकलं. थंडीत सगळेच करतात तसं. आता खोलीत वाऱ्याची झुळूकही येत नव्हती.

त्याच संध्याकाळी गाणं आलं. आता ते वरून येत नव्हतं. दाराच्या पलीकडून येत होतं, आणि अगदी जवळून. मग दार वाजलं. मोठी माणसं जिथं थाप मारतात तिथं नाही, खाली, पोराचा हात पोचेल तिथं.

मनोऱ्याचं कारण आता यूनुसपाशी उरलं नव्हतं. तो दाराकडे बघत राहिला. शहनाझ मात्र चटईवर बसून एका जुन्या ओढणीची पिशवी शिवत होती.

"कोणासाठी गं ती?" जैनबनं विचारलं.

"माझीच. ते म्हणतात यंदा तूही चल. आम्ही पण सगळ्यांच्या घरी जातो."

"त्यांना तर कोणी कधी गल्लीत पाहिलेलं नाही."

"गल्लीतून नाही, अम्मा," शहनाझ समजूत घातल्यासारखं म्हणाली. "आतून."

दुसऱ्या दिवशी यूनुसनं घर सोडायचं ठरवलं. "यल्ला, सामान बांध. मी शेठशी बोलतो. नाही ऐकलं तर रिझाइन करतो, पुढची बोट पकडू." जैनब आधी उम्म सालेमकडे गेली आणि म्हातारीच्या समोर जाऊन बसली. आज उत्तर घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती.

उम्म सालेमनं हातातली जपमाळ बाजूला ठेवली. तुमच्या आधी समुद्रापलीकडचं एक कुटुंब होतं, ती म्हणाली. त्यांचीही एक मुलगी. तीही अशीच वाळली. तेही घर सोडून गेले.

"फिर?"

"घर छोड़ा. लड़की नहीं बची."

जैनब तशीच घरी आली. यूनुस ट्रंका बाहेर काढत होता. तिनं ट्रंकेचं झाकण आपटून बंद केलं आणि त्यावर बसली.

"कुठंही गेलो तरी हे मागे येणार. आणि श्रीवर्धनला नेऊन काय करू? माझ्या सासूच्या दारात सोडू? मी बोलावलंय ना? मग मीच वाटेला लावीन. मला माझी पोरगी पाहिजे. ती मी याच घरात मिळवीन."

यूनुसनं तोंड फिरवून डोळे पुसले. त्यालाही दुसरा मार्ग सुचत नव्हता.

५

पुन्हा शाबानची चौदावी आली. जैनबनं मनोऱ्याखालच्या खोलीला कडी घातली, दाराला तांदळाची पोती लावली. अंगण झाडलं. परात भरून नारळाच्या वड्या केल्या, आणि अस्रनंतर गल्लीचं दार सताड उघडून उंबऱ्यात उभी राहिली. शहनाझ तिच्या मागे, ओढणीचं टोक धरून उभी होती. पोरगी आता इतकी हलकी झाली होती की टोकाला ओढ लागतेय हे मुद्दाम लक्ष दिलं तरच कळे.

तिचा हिशेब साधा होता. या गल्लीची रीत अशी की मागणारा बाहेरून येतो, वाटा घेतो आणि पुढच्या दारी जातो. ज्याला हवं त्यानं तसं यावं. आतून दार वाजवायची रीत कोणाचीच नाही.

मागे वळून तिनं घरभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वाटा पाहिजे ना? मग पुढल्या दारानं या. माणसांसारखे या!"

गल्लीतली पोरं आली. गाणं शेजारच्या दारापर्यंत आलं, थांबलं, पावलं भिंतीला घसटून पुढे गेली. जैनबनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऊन भिंतींच्या माथ्यावर गेलं. गल्ली रिकामी झाली.

मग गाणं पुन्हा आलं. हळू, एका लयीत, कोणीही न हसता. गल्लीच्या टोकापासून आलं की उंबऱ्यापाशीच उगवलं, तिला सांगता आलं नसतं. समोर कोणी दिसत नव्हतं. उंबऱ्याखाली संध्याकाळची सावली पडली होती, आणि त्या सावलीत, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, एका कापडी पिशवीचं तोंड उघडं होतं. पिशवी कोणी धरलीय ते बघायला तिनं मान खाली घातली नाही. घातली असती तर ती तिथं उभी राहू शकली नसती.

तिनं मूठभर वड्या टाकल्या. पडल्याचा आवाज आला नाही. आणखी टाकल्या. मग परातच तिरकी केली. सगळ्या वड्या घसरत गेल्या, पिशवीत गेल्या, आणि आवाज एकीचाही आला नाही. पिशवी तशीच लोंबत राहिली. तोंड तसंच उघडं.

मागे ओढणीला ओढ लागली. शहनाझ पुढे यायला बघत होती.

जैनबनं मागे हात नेऊन पोरीचं मनगट घट्ट पकडलं. "खलास," ती पिशवीला म्हणाली. "एवढाच हक्क. पोरीला हात लावायचा नाही. चला, पुढच्या दारी जा!"

मशिदीतून मगरिबची बांग झाली. जैनबनं पापणी मिटली, उघडली. सावलीत काही नव्हतं.

यूनुस अंगणातून धावत आला. तिनं दाराला टेकून दम घेतला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली. "गेले," ती म्हणाली. "बघा, वाटेला लावले."

६

शहनाझनं मान हलवली. "मौजाकडे गेले," ती म्हणाली. "तू पुढच्या दारी जा म्हणालीस ना."

आणि शेजारच्या घरात, भिंतीपलीकडे, कुठलं तरी आतलं दार वाजलं. खाली, पोराचा हात पोचेल तिथं. मौजाचा गोड, खुशीत आलेला आवाज ऐकू आला, कोण आहे म्हणून विचारणारा. मग उम्म सालेमची किंकाळी.

जैनबचं हसू जागच्या जागी गोठलं. आपण काय केलं ते तिला लख्ख कळलं. स्वतःच्या पोरीवरचं काढून तिनं दुसऱ्याच्या पोरीवर घातलं होतं. गेल्या वर्षी तिची एक वडी तोंडात टाकणाऱ्या म्हातारीच्या घरात.

"दार लाव, जैनब," यूनुस म्हणाला. "आपली पोरगी सुटली. दार लाव."

जैनबनं शहनाझकडे पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या, डोळे खोल गेलेले. सुटली? कुठं सुटली? वर्षभराचं तर सगळं त्यांच्याचकडे होतं.

मग तिला असा राग आला की भीतीला आत जागाच उरली नाही. तिनं शहनाझला यूनुसच्या कडेवर दिलं. "अंगणात उभे राहा. काहीही ऐकू आलं तरी हिला खाली ठेवू नका." आणि खुंटीवरची, शहनाझनं जुन्या ओढणीची शिवलेली पिशवी काढून तिनं स्वतःच्या गळ्यात अडकवली.

७

पोती तिनं एकटीनं ओढून बाजूला केली. कडी काढली, पण दार ढकललं नाही. ती दाराबाहेर उभी राहिली, गल्लीतली पोरं उभी राहतात तशी, आणि तिनं दार वाजवलं.

शेजारच्या घरातला आवाज थांबला.

"मी आलेय," जैनब म्हणाली. गाणं वर्षभर ऐकून तिला पाठ झालं होतं. पण ती गायली नाही, सरळ बोलली. "आज मागायचा दिवस आहे ना? मग मीही मागायला आलेय. तुम्ही माझ्याकडून घेतलंत. आता मी तुमच्या दाराशी आहे. दाराशी आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. माझ्या पोरीचा वाटा द्या."

बराच वेळ काही झालं नाही. मी वेडी झालेय, तिला वाटलं. आत पोती आहेत, डबे आहेत, आणि मी दाराशी भीक मागत उभी आहे.

दार आतून ओढलं गेलं. हातभर.

आत काळोख होता, आणि काळोखात खाली, गुडघ्याच्या उंचीवर, पिशव्यांची तोंडं. एक नाही. भिंतीपर्यंत, एकाला एक चिकटून, सगळी उघडी. धरणारे हात तिला दिसले की नाही, ते जैनबनं पुढं जन्मभर कोणाला सांगितलं नाही. तिनं एवढंच सांगितलं की सगळ्यात पुढचा हात लहान होता, आणि फार वाळलेला होता.

तो हात तिच्या पिशवीवर आला आणि उघडला.

काचेची बांगडी किणकिणत पडली. आवाज झाला. मग भाकरीचा तुकडा पडला, धप्पकन, जड. मग खजूर, मग आणखी भाकरी, मग काहीतरी ऊबदार, ज्याला नाव नव्हतं, पण तिनं ते शहनाझच्या जन्मापासून छातीशी धरलं होतं. पिशवी मानेला काचायला लागली.

मागे अंगणातून शहनाझचा आवाज आला. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं असा हट्टी सूर लावला नव्हता. "अब्बा, मला भूक लागलीय. मला आत्ता जेवायला पाहिजे!"

यूनुसनं मोठ्यानं हुंदका दिला. जैनबचे डोळे भरून आले. पण तिनं ते पुसले नाहीत, कारण हात पिशवीला होते.

तेवढ्यात आतला हात मागे गेला आणि दार हळूहळू मिटायला लागलं.

मौजाच्या घरातून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. जैनबनं फटीत पाय घातला.

"अजून," ती म्हणाली.